मायकलचा फोटो आणि ऑडिशनचा फॉर्म

"सर, फोटो मायकल जॅक्सनचा लावलाय आणि पोराला रिॲलिटी शोच्या ऑडिशनला पाठवायचं म्हटलं की तुम्ही नाही म्हणता, हे कसं काय?" गेल्या रविवारी पुन्हा एका पालकांनी विचारलं. वर्षातून दहाएक वेळा तरी हा प्रश्न येतोच, आणि दर वेळी मी "बघू की पुढच्या वर्षी" म्हणून स्पीकरचा आवाज वाढवतो. तुम्ही पालक विचारत राहता म्हणून यावेळी बसून लिहूनच काढतोय, म्हणजे परत विचारलं की हेच पुढे करता येईल.

नाशिकच्या सिडकोत माझा डान्सचा क्लास आहे, वरच्या मजल्यावर एक हॉल, पंख्याचा आवाज गाण्याइतकाच. मी स्वतः डान्स शिकलो तो कुठल्या क्लासात नाही, गणपतीत. नव्वदच्या दशकात आमच्या मंडळाचा रेकॉर्ड डान्स असायचा आणि त्यात एक तरी 'मायकल' पाहिजेच पाहिजे. आखूड केलेली काळी पँट, पांढरे मोजे, आणि एका हातात पण मोजाच, पायातला, कारण ग्लोव्ह आणणार कुठून. दुपारी आई झोपली की मी शहाबादी फरशीवर पावडर शिंपडून मूनवॉक करायचो. शहाबादीवर पाय सुखासुखी घसरत नाही, मोज्याला भोकं पडायची आणि आईला वाटायचं मुलाचे पाय वाढतायत.

लोकांना वाटतं मूनवॉक म्हणजे पाय मागे घसरवणं. तसं नाहीये ते. एका पायाची टाच उचलून सगळं वजन त्याच्या चवड्यावर द्यायचं, आणि दुसरा पाय, जो सपाट टेकलेला दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस त्याच्यावरच उभा आहे, तो खरा रिकामा असतो, तो मागे ओढायचा. मग टाच बदलायची, आणि बदलताना डोकं वरखाली झालं की मजा गेली. स्टेप मायकलची नाहीच मुळात, बिल बेली नावाचा टॅप डान्सर १९५५ सालीच हे करून गेला होता, आणि मायकलला जेफ्री डॅनियल नावाच्या डान्सरनं शिकवली. पण मार्च १९८३ मध्ये मोटाऊन या गाण्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीच्या कार्यक्रमात मायकलनं ती केली, मोजून काही सेकंद, मे महिन्यात टीव्हीवर ते दिसलं आणि मग ती त्याचीच झाली. आता गंमत बघा, सगळं थिएटर डोक्यावर घेतलेलं असताना हा मागे आला तो नाराज. का, तर पायाच्या बोटांवर अजून थोडा वेळ उभं राहायचं होतं, ते जमलं नाही. हे वाचलं तेव्हा मला भारी वाटलं होतं, काय परफेक्शन! आता माझ्या क्लासातलं एखादं पोरगं टाळ्या वाजत असताना असं तोंड करून आलं की मला काळजी वाटते.

१ नोव्हेंबर १९९६ ला तो मुंबईत आला, अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये. राज ठाकरेंच्या शिवउद्योग सेनेनं आणला होता, एअरपोर्टवर सोनाली बेंद्रेनं ओवाळलं, मग मातोश्रीवर गेला, हे सगळं पेपरात होतं. (त्या शोच्या करमणूक कराच्या माफीचं प्रकरण २०२१ पर्यंत सरकारदरबारी चाललं होतं, ते वेगळंच.) मी चौदा वर्षांचा. मामा प्रेसमध्ये होता, नाशिकरोडला प्रेस म्हटलं की नोटांचीच, तर मामानं सकाळी पंचवटी एक्सप्रेसनं नेलं मला. तिकीट बिकीट काही नव्हतं. आम्ही भिंतीबाहेर उभे, गाण्यापेक्षा किंकाळ्याच जास्त ऐकू आल्या, आणि वर आभाळात लाइट फिरताना दिसत होते. रात्री कसारा लोकल, कसाऱ्यावरून जीप, पहाटे नाशकात द्वारका चौकात उतरलो तेव्हा मी मायकलला बघून आलोय असंच सगळ्यांना सांगायचं ठरलं होतं. अजूनही कॉलनीत निम्म्या लोकांना तेच वाटतं, राहू दे.

घरी आत्या होती आमची. तिला कोड होतं, हातावर आणि मानेवर, त्यामुळे कायम लांब बाह्यांचं पोलकं, उन्हाळ्यातसुद्धा, आणि त्यामुळेच लग्न झालं नाही. पेपरातला मायकलचा फोटो बघून आमचे शेजारी म्हणाले, पैसा आला की माणूस कातडीसुद्धा बदलून घेतो. आत्या भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "कोड आहे ते. हौसेनं कोणी एवढं झाकून फिरत नाही." शेजारी हसले. मायकलनं १९९३ साली टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितलं होतं की आजार आहे, आम्हाला ते माहीत नव्हतं, जगात ज्यांना माहीत होतं त्यातल्याही बऱ्याच जणांनी विश्वास ठेवला नाही. तो गेल्यावर शवविच्छेदनात लिहून आलं, कोडच होतं. तोवर आत्या नव्हती.

आता ऑडिशनचं. मायकलचे वडील गॅरी नावाच्या गावात स्टीलच्या कारखान्यात क्रेन चालवायचे, म्हणजे आपल्याकडे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जे लोक शिफ्ट करतात त्यातलेच समजा, छोटं घर, नऊ मुलं. मुलं गातात हे लक्षात आल्यावर वडिलांनी प्रॅक्टिस लावली, आणि ते खुर्चीत पट्टा घेऊन बसायचे, स्टेप चुकली की पट्टा, हे मायकलनं स्वतः सांगितलंय. रात्री उशिरापर्यंत क्लबात गाणं, सकाळी शाळा. मोटाऊननं घेतलं तेव्हा जाहिरातीत त्याचं वय दोन वर्षं कमी सांगितलं, लहान पोरगं असं गातंय म्हटल्यावर जास्त चालतं म्हणून. १९७० मध्ये भावांची लागोपाठ चार गाणी अमेरिकेत एक नंबरला होती आणि हा अकरा-बारा वर्षांचा.

वय कमी सांगायची ही गोष्ट माझ्या एवढी डोक्यात बसायचं कारण म्हणजे, सहा-सात वर्षांपूर्वी मी एकदा पाठवलं होतं एका पोराला. पाठवलं म्हणजे स्वतः घेऊन गेलो. शोचं नाव नाही सांगत. नऊ वर्षांचा होता, बाप रिक्षा चालवायचा, पोरगं रबरासारखं. फॉर्म भरताना आई हळूच म्हणाली, "सर, सात लिहू का, दिसतो तेवढाच." मी काही बोललो नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते. पहाटे पाचला लाइनीत, नंबर लागला रात्री दहाला. मधे एक बाई आली कॅमेरावाल्याला घेऊन आणि त्याला म्हणाली, पप्पांच्या रिक्षाबद्दल बोल, बोलताना थोडं रडलास तर छान येईल. त्याला रडूच येईना, त्याला रिक्षा आवडायची. मग तिनं विचारलं, पप्पा आजारी वगैरे आहेत का? पोरगं माझ्याकडे बघायला लागलं, की सर, काय सांगू.

सिलेक्शन नाही झालं. येताना कसारा घाटात तो माझ्या खांद्यावर झोपला होता, तोंडाचा मेकअप आणि चमकी तशीच, ती चमकी माझ्या शर्टातून धुऊनही गेली नाही. इगतपुरीला गाडी थांबली तसा दचकून उठला आणि पहिलं वाक्य काय, "सर, माझा नंबर गेला का?" झोपेतच. मी म्हटलं झोप बाळा, नंबर झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाप क्लासवर हजर, म्हणे परत कधी आहे सर.

तर तेव्हापासून नाही.

मायकलचा मोठेपणा मला कोणी शिकवायची गरज नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये 'थ्रिलर' अल्बम आला, १९८४ ला एका रात्रीत आठ ग्रॅमी, आणि त्याच वर्षी जानेवारीत पेप्सीच्या जाहिरातीचं शूटिंग चालू असताना फटाक्यांनी त्याच्या केसांना आग लागली. डोकं भाजलं. नुकसानभरपाईचे पंधरा लाख डॉलर त्यानं हॉस्पिटलच्या बर्न सेंटरला देऊन टाकले. पण पेनकिलर तिथून आयुष्यात शिरल्या, आणि १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये दौरा अर्धवट सोडून त्यानं जाहीर केलं की मला या गोळ्यांची सवय लागलीय.

ते सालच वाईट होतं, कारण मुलाबरोबर गैरवर्तन केल्याचा आरोप त्याच वर्षी झाला. जानेवारी १९९४ मध्ये पैसे देऊन तो दावा मिटवला. मग दुसरं प्रकरण, त्यात २००५ मध्ये ज्युरीनं सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडला. मग २०१९ मध्ये एका डॉक्युमेंटरीत दोन मोठे झालेले पुरुष लहानपणचे तसेच आरोप घेऊन पुढे आले. माझ्याकडे तेव्हा एक आई मोबाईल घेऊन आल्या, म्हणाल्या सर हे बघा आणि मग ठरवा फोटो ठेवायचा का. मी बघितलं. फोटो काढला. भिंतीवर चौकोन राहिला फिकट, तो बघून पोरं विचारायची इथे काय होतं. मी त्याचा वकील नाही, कोर्टानं सोडलं हेही खरं आणि त्या दोघांचे चेहरे मी विसरलो नाही हेही खरं, याच्यापुढे माझी अक्कल चालत नाही. दोन महिन्यांनी फोटो परत लावला पण हॉलमध्ये नाही, आतल्या खोलीत ॲम्प्लिफायरच्या वर, जिथे मला दिसतो आणि पोरांना सहसा नाही. आणि तेव्हापासून क्लासचं दार उघडं असतं, पालक कधीही येऊन बसू शकतात, आणि एकट्या मुलाला थांबवून एक्स्ट्रा प्रॅक्टिस हा प्रकार मी बंद केला. त्यावरून पण बोलणी खाल्लीत, की सर मेहनत घेत नाहीत आता.

तो गेला २५ जून २००९ ला, आपल्याकडे २६ ची पहाट. मी तेव्हा अंबडला कंपनीत होतो, फर्स्ट शिफ्टला जाताना टपरीवर कळलं. पन्नास वर्षांचा होता आणि लंडनला पन्नास शो लावलेले होते. झोप लागत नव्हती त्याला. डॉक्टर ठेवला होता महिन्याला दीड लाख डॉलर ठरवून, आणि तो डॉक्टर रात्री घरीच त्याला प्रोपोफोल द्यायचा, ऑपरेशनच्या आधी भूल द्यायला वापरतात ते, दुधासारखं पांढरं औषध. डॉक्टरला २०११ मध्ये शिक्षा झाली. मला शिक्षेपेक्षा ते झोपेचंच लागून राहिलं, की ज्या माणसाला लहानपणी कोणी वेळेवर झोपू दिलं नाही, त्याला शेवटी भूल घेऊन झोपावं लागलं. डॉक्टर लोक म्हणतील असा थेट संबंध लावता येत नाही. नसेल लावता येत. मला तो कसारा घाट आठवतो, बस.

ते पोरगं आता सोळा वर्षांचं आहे, रविवारी येतं, लहान बॅचला मूनवॉक तेच शिकवतं आणि माझ्यापेक्षा बरं शिकवतं. हॉलमध्ये टाइल्स आहेत त्यामुळे पावडर लागत नाही. गणपतीचे कार्यक्रम आम्ही करतो, कालिदास कलामंदिरात गॅदरिंग करतो, तेवढं पुरे आहे दहा-बारा वर्षांच्या मुलाला. ऑडिशनला तुम्ही तुमचे घेऊन जा, मी कोण अडवणारा, पण फॉर्मवर माझं नाव नको आणि वय खरं लिहा. आणि आता विषय निघालाच आहे तर, क्लास साडेआठला सुटतो, घ्यायला वेळेवर येत जा, मागच्या आठवड्यात दोन मुलं नऊ वाजेपर्यंत जिन्याच्या पायरीवर पेंगत बसली होती.