किंमत आडव्या अक्षावर

कॅप सेंटरला, म्हणजे विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका एकत्र तपासतात तिथे, अर्थशास्त्राचे पेपर तपासायचे तर डोकं बाजूला ठेवूनच बसावं लागतं. शेजारी मॉडेल आन्सर, हातात लाल पेन. मागणी-पुरवठ्याच्या आकृतीला चार गुण: अक्षांची नावं, दोन वक्र, ते छेदतात तो समतोल बिंदू, तिथून अक्षांपर्यंत तुटक रेषा.

त्या दिवशी एका पोराने किंमत आडव्या अक्षावर घेतली होती आणि नगसंख्या उभ्या. बाकी सगळं जागच्या जागी, तुटक रेषासुद्धा पट्टीने मारलेल्या. खाली एक ओळ: ‘किंमत बदलली की मागणी बदलते, म्हणून किंमत क्ष अक्षावर.’ गणितात कारण क्ष अक्षावरच घेतात; बारावी सायन्स करून आलेला असणार.

मी चारपैकी चार दिले. तपासलेले पेपर पुन्हा बघणाऱ्या मॉडरेटर सरांनी खोडून शून्य केलं. ‘मॅडम, आकृती उलटी आहे.’

उलटी म्हणजे कुणाच्या हिशेबाने? 1838 मध्ये ऑगस्तँ कूर्नो या फ्रेंच अर्थतज्ज्ञाने मागणीचा वक्र छापला, त्यात किंमत आडवीच होती. फ्लेमिंग जेनकिन तर समुद्राखालून तारायंत्राच्या केबल टाकणारा इंजिनिअर. त्याने 1870 मध्ये मागणी आणि पुरवठ्याचे वक्र एकमेकांना छेदताना दाखवले, तेही किंमत आडवी ठेवून. हायडेलबर्गच्या राऊ या जर्मन अर्थतज्ज्ञाने 1841 मध्ये ती उभी घेतली होती खरी, पण आपल्या फळ्यावर ती उभी आली आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थतज्ज्ञामुळे. मार्शलचा प्रश्नच वेगळा होता: इतका माल बाजारात आला तर तो कोणत्या किमतीला खपेल? म्हणजे नगसंख्या आधी, किंमत मागून. त्याने 1890 च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या पुस्तकात या आकृत्या तळटीपांत ठेवल्या. आम्ही तोंडाने कूर्नोसारखं ‘किंमत वाढली की मागणी घटते’ म्हणतो आणि खडूने मार्शल काढतो. पोराने आम्ही बोललो तेच काढलं.

सरांना हे थोडक्यात सांगितलं. ‘रिसर्च पेपर लिहा यावर,’ म्हणाले, ‘इथे मॉडेल आन्सर.’ माणूस वाईट नाही, पण विषयाशी सोडचिठ्ठी कधीच झालेली. संकेत मोडला म्हणून एक गुण कापा, मान्य. शून्य कशाबद्दल?

गंमत म्हणजे, अक्ष बदलले तरी मागणीचा वक्र खालीच उतरतो आणि पुरवठ्याचा वर चढतो. पोराने अक्षांना नावंच दिली नसती तर एक गुण गेला असता, तीन हातात पडले असते.

उद्या त्याने फोटोकॉपी मागवलीच, तर आकृतीवर लाल गोल दिसेल आणि शेजारी शून्य. कारण लिहायला उत्तरपत्रिकेत रकानाच नाही.