बाशिंग की मुंडावळ्या? जुन्या स्लाइड पाहत धुळे ते फैजपूर

धुळ्याहून अमळनेर, पुढे तापी ओलांडून चोपडा, मग केळीच्या बागांमधून यावल आणि फैजपूर. या वाटेवर जुन्या लग्नांच्या स्लाइड (चौकटीत बसवलेल्या पारदर्शक रंगीत फिल्म) पाहायच्या तर सोबत लाइटबॉक्स, म्हणजे खालून उजेड देणारी पेटी, दहापटीचं भिंग, हवेचा रबरी फुगा आणि सुती हातमोजे हवेत. घरच्यांनी हौसेनं माळ्यावरचा प्रोजेक्टर काढलाच, तरी मी तो लावू देत नाही. पुठ्ठ्याच्या चौकटीतली फिल्म दिव्याच्या उष्णतेनं फुगते, फोकस सुटतो. शिवाय कोडाक्रोम या कोडॅकच्या जुन्या स्लाइड-फिल्मचे रंग अंधारात छान टिकतात, प्रोजेक्टरच्या उजेडात मात्र लवकर उडतात.

स्लाइड सुलट आहे का, हे आधी बघायचं. चकचकीत बाजू आपल्याकडे, मंद बाजू पलीकडे. कॉपी केलेल्या स्लाइडला ही खूण दगा देते, तिथे नथ पाहावी: ती डाव्या नाकपुडीत असते. पदरावर विसंबू नये. गुजराती-मारवाडी घरांत तो उजव्या खांद्यावरून पुढे येतो, आणि खानदेशात अशी घरं भरपूर.

मग भिंग फोटोतल्या कपाळावर. मुंडावळ्यांची आडवी सर कपाळावरून जाते, गाठ डोक्यामागे आणि दोन्ही कानशिलांपासून एकेक सर गालावर लोंबते. बाशिंग कपाळावर उभं राहतं. भेंडाचं, म्हणजे पाणवनस्पतीच्या हलक्या पांढऱ्या गाभ्याचं काम फ्लॅशमध्येही खडूसारखं मंद पांढरं दिसतं. नकली मोत्याच्या प्रत्येक मण्यावर मात्र चमकेचा ठिपका उमटतो. फुलांच्या मुंडावळ्यांत कळ्या कधी सारख्या नसतात. रंगावरून निष्कर्ष काढण्याआधी नवरदेवाची पांढरी टोपी पाहा. तीही गुलाबी दिसली, तर तो फिल्मचा दोष, हळदी-कुंकवाचा नव्हे.

फसगत होते ती ‘बाशिंग दिसलं म्हणजे लग्न’ असं धरल्यामुळे. पोळ्याला बैलालाही बाशिंग बांधतात. मुंजीत बटूला मुंडावळ्या असतात. पांढऱ्या दाण्यांचे दागिने आणि काळी साडी दिसली, तर ते संक्रांतीचं हळदीकुंकू: नवी सून हलव्याच्या दागिन्यांत बसलेली. दाण्यावर बारीक काटा दिसला की शंका उरत नाही. अमळनेरकडच्या स्लाइडच्या डब्यांत नथ घातलेली, दागिन्यांनी मढलेली पण अंगच नसलेली ‘नवरी’ निघाली, तर तो नारळ आहे, श्रावणात पुजली जाणारी खानदेशची देवी कानबाई. चाळीसगावकडच्या तांड्यांच्या स्लाइडमध्ये कानशिलाशी लोंबणारी चांदी दिसते, ती बंजारा बायकांची टोपली-घुगरी. ती केसांत गुंफलेली असते, कपाळावर आडवी सर नसते. लग्न झालेली बाई ती एरवीही घालते.

पूर्ण उभ्या नवरीच्या फोटोत कपाळाची पट्टी फिल्मवर जेमतेम दोन मिलिमीटर रुंद असते. ४००० डीपीआयवर (एका इंचात ४००० ठिपके) स्कॅन केलं तर तिला सुमारे ३१५ पिक्सेल मिळतात आणि मणी मोजता येतात; १२०० डीपीआयला हातात ९५ येतात, तेवढ्यात मोती की मोगरा हेही ठरत नाही. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई कोडाक्रोमला बंद ठेवा. ती चित्राच्याच काही भागांना धूळ समजते आणि नेमका बारीक तपशील पुसते.

चौकटीवर महिना-वर्षाचा छाप असेल तर तो फिल्म धुतल्याचा, लग्नाचा नव्हे. रोल संपेपर्यंत कॅमेऱ्यातच राहायचा. वैशाखातलं लग्न दिवाळीनंतरच्या छापानं सापडलं तर नवल नाही. तारखेसाठी मांडवातली पाटी वाचावी, आणि ओळख पटली की चौकटीवर पेन्सिलीनंच लिहावं.