पिव्होट टूललाच का लावू देत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. पिव्होट म्हणजे गेममधल्या पात्राच्या चित्रातला तो बिंदू, जो धरून इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चित्र जागेवर ठेवतं; फ्रेम म्हणजे हालचालीतलं एकेक चित्र. प्रश्न ठरलेला असतो: "एका कमांडमध्ये सगळ्या फ्रेमचे पिव्होट लागतात, मग तुम्ही एकेक फ्रेम बघत का बसता?" अहो, लावते स्क्रिप्टच. पिव्होट कुठे असावा, एवढंच तिला ठरवू देत नाही.

ऑटो पिव्होटचा नियम बहुधा एकच असतो: रंगीत पिक्सेलभोवतीची चौकट धरायची आणि तिच्या तळाचा मध्य घ्यायचा. नाणं, गोळी, पेटी असेल तर खुशाल वापरा. पण समजा ४८×४८ कॅनव्हासवर तलवारीचा वार आहे. पहिल्या फ्रेममध्ये चौकट x १६ पासून सुरू होते आणि १६ पिक्सेल रुंद आहे. मध्य २४, दोन पावलांच्या बरोबर मधे. छान. चौथ्या फ्रेममध्ये तलवार उजवीकडे लांबते. पावलं जागची हललेली नाहीत, पण चौकट २८ रुंद झाली, म्हणून मध्य ३०. इंजिन पिव्होट जमिनीला खिळून ठेवतं, त्यामुळे अख्खं शरीर ६ पिक्सेल डावीकडे घसरतं. चित्र चौपट करून दाखवत असाल तर पडद्यावर २४. योद्धा पुढे वार करतो आणि स्वतः मागे सरकतो. तलवार आत आली की तोही परत जागेवर.

मग संशय कोडवर, कॅमेऱ्यावर, टकरीच्या हिशेबावर. शेवटी कोणीतरी कोडमध्येच चौथ्या फ्रेमला "+६" चिकटवतो. दुसऱ्या दिवशी चित्रकार तलवार २ पिक्सेलने आखूड करतो, मध्य २९ वर येतो, आणि तो +६ आता उलट १ पिक्सेल पुढे ढकलतो. उडीत तर आणखी वाईट: पाय वर उचलले की चौकटीचा तळही वर जातो, पिव्होट पावलांनाच चिकटून राहतो आणि कॅनव्हासवर काढलेली उंची गेममध्ये गायब होते.

"मग ट्रिम (चौकटीबाहेरची रिकामी जागा कापणं) बंद करा, सगळीकडे (२४, ४४), म्हणजे डावीकडून २४ आणि वरून ४४, द्या." पूर्वी माझंही हेच उत्तर असायचं, आणि उभं राहणं-चालणं यासाठी ते आजही चुकीचं नाही. पण ट्रिमचा दोष नव्हताच. एसप्राइट या पिक्सेल-चित्रांच्या सॉफ्टवेअरमधून चित्रासोबत माहितीची जेसन फाइल निघते, तिच्यात किती कापलं ते spriteSourceSize या नोंदीत येतं. चौथ्या फ्रेममध्ये डावीकडून १६ आणि वरून २० गेले, म्हणून (२४, ४४) चं (८, २४) होतं. युनिटी या गेम इंजिनला ते रुंदी-उंचीने भागून लागतं, आणि तिथे y खालून मोजतात: ८/२८ म्हणजे ०.२८६, आणि पाऊल तळाशीच म्हणून ०. पहिल्या फ्रेममध्ये तेच पाऊल ८/१६ म्हणजे ०.५. हा ०.२८६ बघून कोणीतरी "दुरुस्त" करून ०.५ करतोच. करू नका.

स्लाइसचा (एसप्राइटमध्ये कॅनव्हासवर आखलेल्या चौकोनी भागाचा) पिव्होट कॅनव्हासच्या नव्हे, स्लाइसच्या कोपऱ्यापासून मोजतात. स्लाइस (८, ४) पासून असेल तर (१६, ४०) लिहायचं. टूलने तिथे (२४, ४४) लिहिलं की पात्र ४ पिक्सेल हवेत आणि ८ डावीकडे. आणि ४४ च का, ४३ का नाही? पावलांची शेवटची ओळ ४३ आहे, तिची खालची कड ४४. ४३ दिलंत तर तळवे एक पिक्सेल जमिनीत.

माझी पद्धत साधी आहे. वेगळ्या लेयरवर प्रत्येक फ्रेममध्ये एकच भडक गुलाबी पिक्सेल ठेवायचा, पावलांच्या लगेच खालच्या ओळीत. लुआ भाषेतली स्क्रिप्ट तो रंग शोधते आणि त्याचा वरचा-डावा कोपरा हाच पिव्होट. सेलच्या, म्हणजे एका फ्रेममधल्या एका लेयरच्या, चित्रातले आकडे सेलपुरते असतात, त्यात cel.position (सेलची कॅनव्हासवरची जागा) मिळवायचं विसरलात तर सगळे पिव्होट वरच्या डाव्या कोपऱ्याकडे पळतात. एक्सपोर्टआधी तो लेयर लपवा, नाहीतर ट्रिमची चौकट त्या ठिपक्यालाही धरते. खूण न सापडलेल्या फ्रेमवर स्क्रिप्ट थांबलीच पाहिजे. गुपचूप मध्य घेणारी स्क्रिप्ट मला नको.

याला वेळ लागतो, मान्य. शरीर १७ पिक्सेल रुंद असेल तर मध्य अर्ध्या पिक्सेलवर पडतो आणि पात्र आरशात उलटवताना १ पिक्सेलची उडी बसतेच, हेही मान्य. त्यावर माझी खूण काही करू शकत नाही. रुंदी सम ठेवा किंवा उडी सोसा.

आणि झेप? पात्र कॅनव्हासवरच १० पिक्सेल पुढे जातं तेव्हा खूण पावलांबरोबर न्यायची, की सुरुवातीच्या जागी ठेवायची? नेली तर पुढे जाणं कोडने करायचं, ठेवली तर शेवटच्या फ्रेमनंतर पात्र मागे खेचलं जातं. मी दोन्ही प्रकारे खुणा लावलेल्या फाइली ठेवतो, आणि कोणती द्यायची यावर प्रोग्रामरशी दर वेळी नव्याने वाद होतो.