लाईन गेली त्या रात्री

सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कोजनला, म्हणजे उसाच्या चोयट्यावर चालणाऱ्या वीजप्रकल्पात, मी शिफ्ट इनचार्ज आहे. मार्चमधली रात्र, अवकाळी पावसाचा गडगडाट. टीजी, म्हणजे वाफेवरचा टर्बाइन-जनरेटर, २२ मेगावॅटवर होता, त्यातले १५ बाहेर ग्रिडला जात होते. पावणेबाराला वीज कडाडली आणि ग्रिडची लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली.

फ्रिक्वेन्सी नेहमीच्या ५० हर्ट्झवरून ५२.६! वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरने वाफ आवळली, मशिन वाचलं. पण व्होल्टेज बसल्यामुळे ऊस गाळणाऱ्या मिलचे ड्राइव्ह (मोटर चालवणारी यंत्रणा) ट्रिप झाले होते. लोड उरला जेमतेम अडीच मेगावॅट. वाफेचा दाब वाढून बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, कंट्रोल रूमच्या काचा थरथरत होत्या. मिलहाऊस इतकं गप्प झालं की यार्डातल्या बैलांचे घुंगरू ऐकू आले.

सेफ्टी बसावी म्हणून मी बॉयलरला बगॅस, म्हणजे चोयट्या, पुरवणारे फीडर बंद केले. चूक तिथेच झाली. दाब उतरू लागला आणि तेवढ्यात मिलहाऊसने दोन मिल एकदम सुरू केल्या. फ्रिक्वेन्सी ४८.४. अजून जरा खाली गेली असती तर टीजी बंद, आणि पूर्ण अंधार.

मागे आमचे सल्लागार काका उभे होते. ऑस्ट्रेलियात माऊंट आयझाच्या गॅस प्लांटमध्ये त्यांनी काही वर्षं काढली आहेत. तिथल्या खाणींना देशाची ग्रिड जोडलेलीच नाही. ८४० किलोमीटरवरून पाईपने गॅस येतो, त्यावर वीज. म्हणजे रोजचंच आयलँडिंग, ग्रिडशिवाय एकट्याने चालणं.

"घाई कशाला करायलास? एक मिल बंद कर. फीडर हळू चालू कर," काका शांतपणे म्हणाले. "गॅसचा व्हॉल्व्ह हलला की आग लगेच ऐकते. बगॅसची आग उशिरा ऐकते रे. तिच्या आधी लोड वाढवू नकोस."

मग एकेक मिल, मध्ये दहा-दहा मिनिटं. मी मिल सुरू करणाऱ्या स्टार्टरवाल्याला फोनवर प्रत्येक वेळी "आता" म्हणत होतो, डोळे फक्त दाबाच्या काट्यावर. हात घामाने ओले. सव्वातीनला लाईन आली. आपली आणि ग्रिडची वीज जुळली का हे दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा बारावर येताच ग्रिडला जोडणारा ब्रेकर लावला.

आपल्याकडे गाळपाआधी सगळं तपासतात, लाईन गेल्यावर कारखाना एकटा तगतो का हे मात्र कुणी बघत नाही. मला हे पटत नाही. साहेबांकडे मी पाठपुरावा केला.

या हंगामात पहिल्याच आठवड्यात, १० मेगावॅट बाहेर जात असताना, आम्ही मुद्दाम ब्रेकर उघडला. फ्रिक्वेन्सी ५१.६ वर थांबली. मिल चालूच राहिल्या.