भागाकार, गुणाकार आणि त्याआधीचा प्रश्न

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शाळेविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. मी मात्र एकाच गोष्टीविषयी लिहिणार आहे, कारण विद्युत अभियंता म्हणून पुढे जे काम केले त्याचा पाया तिच्यात आहे. व्होल्टमीटर आणि ॲमीटर यांची वाचने हाती आली की त्यांचे काय करायचे, हे आमच्या विज्ञानाच्या सरांनी ज्या पद्धतीने शिकवले, ती ही गोष्ट होय.

प्रयोगाची मांडणी नेहमीचीच होती. विद्युतघट, प्लग कळ, धारा नियंत्रक आणि नायक्रोमची तार एकसर जोडायची, ॲमीटर त्याच मार्गात बसवायचा आणि व्होल्टमीटर तारेच्या दोन टोकांना समांतर लावायचा. तारेच्या टोकांमध्ये २ व्होल्ट विभवांतर असताना धारा ०.४ अँपिअर, ४ व्होल्टला ०.८ अँपिअर. विभवांतराला धारेने भागले की दोन्ही वेळा रोध ५ ओहम येतो. इथपर्यंत पाठ्यपुस्तकातही होते. सर मात्र त्याच नोंदींच्या शेजारी आणखी एक स्तंभ आखायला लावत आणि त्यात गुणाकार लिहायला सांगत. २ गुणिले ०.४ म्हणजे ०.८ वॅट, ४ गुणिले ०.८ म्हणजे ३.२ वॅट. रोध जागचा हलला नाही, विभवांतर दुप्पट झाले आणि तारेत उष्णतेत रूपांतरित होणारी शक्ती चौपट झाली, हे एका ओळीखाली दुसरी ओळ लिहिताना आपोआप दिसत असे. रोध कायम असताना शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, या नियमाची सिद्धता पुढच्या तासाला झाली, पण तोवर तो आमच्या वहीत अवतरला होता.

मग नायक्रोमच्या जागी लहान दिवा जोडला जाई आणि आकडे वेगळेच वागू लागत. कमी विभवांतराला भागाकार लहान येई. दिवा उजळू लागला की तोच भागाकार वाढत जाई, कारण टंगस्टनचे कुंतल, म्हणजे दिव्यातील बारीक तार, तापते तसा त्याचा रोध वाढतो. २३० व्होल्ट, १०० वॅट असे लिहिलेल्या दिव्याचा रोध त्या शक्तीवरून काढला तर ५२९ ओहम येतो, आणि थंड दिव्याचा मोजला तर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. भागाकाराने मिळणारा रोध त्या क्षणाचा, त्या तापमानाचा असतो. तो सर्व विभवांतरांना सारखाच राहील असे गृहीत धरायचे तर आधी तापमान स्थिर ठेवावे लागते. धारा विभवांतराच्या प्रमाणात असते, या ओहमच्या नियमातील ‘भौतिक स्थिती कायम असताना’ ही अट आम्ही पाठ केली होती खरी, परंतु ती तिथे का आहे हे त्या दिव्याने दाखवले.

गेऑर्ग ओहम यांची माहिती सर आवर्जून सांगत. ते स्वतः कोलोन येथील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. त्या काळच्या विद्युतघटांचे विभवांतर प्रयोग चालू असतानाच उतरत जाई. म्हणून त्यांनी बिस्मथ आणि तांबे यांचे उष्णतायुग्म, म्हणजे दोन टोकांच्या तापमानांतील फरकातून विभवांतर देणारी दोन धातूंची जोडी, घेतले, त्याचे एक टोक उकळत्या पाण्याच्या आणि दुसरे बर्फाच्या तापमानाला ठेवले आणि स्थिर विभवांतर मिळवले. १८२७ साली प्रसिद्ध झालेल्या नियमामागे मापनाची ही चिकाटी होती. एका शाळाशिक्षकाचे हे काम दुसऱ्या शाळाशिक्षकाच्या तोंडून ऐकायला मिळाले, याचे मोल मला आजही फार वाटते.

सर्वांत मोठे ऋण मात्र एका कोड्याचे आहे. शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध; त्यावरून रोध वाढला की शक्ती वाढावी. शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. त्यावरून रोध वाढला की शक्ती घटावी. दोन्ही सूत्रे बरोबर असतील तर खरे काय? सरांनी उत्तर दिले नाही. ६० आणि १०० वॅटचे दोन दिवे त्यांनी आधी समांतर जोडले, तेव्हा १०० वॅटचा अधिक उजळला. मग तेच दिवे एकसर जोडले आणि ६० वॅटचा अधिक प्रकाश देऊ लागला. समांतर जोडणीत दोघांना विभवांतर सारखे मिळते, म्हणून कमी रोधाचा दिवा अधिक शक्ती घेतो. एकसर जोडणीत दोघांतून धारा एकच वाहते, म्हणून अधिक रोधाचा. सूत्र निवडण्याआधी ‘काय कायम आहे?’ हे विचारायचे, असे सरांनी त्यानंतर फळ्यावर लिहिले.

हा प्रश्न मी पुढे जवळजवळ रोज विचारला. समजा, एखाद्या भारावर, म्हणजे वीज घेणाऱ्या यंत्रावर, २० अँपिअर धारा चालली आहे आणि जोडाच्या सैल झालेल्या स्क्रूपाशी अर्धा व्होल्ट विभवांतर मिळते आहे. २३० व्होल्टमधून अर्धा व्होल्ट गेल्याचे यंत्राला जाणवतही नाही. भागाकार केला तर जोडाचा रोध अवघा ०.०२५ ओहम, म्हणजे क्षुल्लक वाटावा असा. गुणाकार केला की १० वॅट येतात, आणि ते सगळे नखाएवढ्या जागेत उष्णता होऊन साठत असतात. इथे धारा भार ठरवतो, जोड नाही. त्यामुळे जोड झिजून रोध दुप्पट झाला तर त्याच २० अँपिअरला २० वॅट होतील, आणि रोध तोच राहून भार ४० अँपिअरवर गेला तर ४० वॅट. म्हणून जोड तपासायचा तो पूर्ण भार चालू असताना, सुरक्षित अंतर राखून, आणि दोन्ही वाचने एकाच वेळी घेऊन.