रडत नाही म्हणून शून्य?

सांगलीतल्या एका खासगी रुग्णालयात आमच्या ११ महिन्यांच्या मुलाची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. दाखल होण्यापासून भूल उतरेपर्यंत सारे सुरळीत पार पडले. अडले ते रात्री, नोंदीच्या तक्त्यातल्या ‘वेदना : ० ते १०’ या रकान्यापाशी.

त्यात संध्याकाळपासून शून्य भरले जात होते. सिस्टर दाराशी येत, बाळ रडत नाही एवढे पाहत आणि आकडा लिहून पुढच्या खाटेकडे वळत. बाळ मात्र पाय पोटाशी घेऊन पडले होते, हनुवटी सारखी थरथरत होती, अंग ताठ होते आणि थोपटले की घटकाभरच सैल पडत होते. “अहो ताई, दुखलं असतं तर रडलं नसतं का?” हेच उत्तर दर फेरीला मिळे, आणि डॉक्टरांना फोन करा म्हटले की “सकाळी राउंडला विचारा.” हा संताप अजून उतरलेला नाही. नवजात बाळांना वेदना फारशा कळत नाहीत, असे समजून १९८०च्या दशकापर्यंत त्यांच्या शस्त्रक्रिया अपुऱ्या भुलीखाली होत असत, डॉ. के. जे. एस. आनंद यांच्या १९८७ च्या संशोधनाने या समजाला धक्का दिला. त्यानंतर इतक्या वर्षांनीही आईने हे पटवत बसायचे?

शेवटी वरिष्ठ सिस्टरांनाच बोलवा, असा हट्ट धरला. त्यांनी पांघरूण बाजूला करून बाळाला काही मिनिटे नुसते न्याहाळले आणि ‘फ्लॅक’ या वेदना मोजण्याच्या पट्टीने गुण दिले. १९९७ साली प्रसिद्ध झालेली ही पट्टी साधारण २ महिने ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे यांना प्रत्येकी ० ते २ गुण. आमच्या बाळाला रडण्याचे शून्य धरूनही बेरीज ७ झाली, म्हणजे तीव्र वेदना. डॉक्टरांना लगेच फोन गेला, औषध मिळाले, तासाभराने पुन्हा मोजले तेव्हा पाय सरळ झाले होते.

तेव्हा तक्त्यातला आकडा कोणत्या पट्टीने काढला, हे निःसंकोच विचारा. मूल तीन वर्षांपुढचे असेल, तर सहा चेहऱ्यांची वाँग-बेकर पट्टी, जिच्यात मूल आपल्या दुखण्याशी जुळणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवते, त्याला शस्त्रक्रियेआधीच दाखवून ठेवा. आणि बाळाचे ताजे वजन केसपेपरवर आहे ना, ते पाहा. औषधाची मात्रा त्यावरच ठरते आणि फोनवर डॉक्टरांनी आधी तेच विचारले होते.