६४८ लागलं, आणि श्रेय पंख्याला

मंडळी, आजोबांच्या जुन्या रेडिओवर ६४८ लागलं, म्हणजे ६४८ किलोहर्ट्झवरची इंदूरची आकाशवाणी. लागलं आणि टिकलं. हे लिहितोय तेव्हा सव्वातीन तास झालेत, सेटची पाठ चांगली तापलीय आणि निवेदिका अजून बोलतायत. गेल्या दोन रजा या एका स्टेशनापायी वाया गेल्या होत्या, म्हणून आधी बातमी, मग रडगाणं.

मागचं सगळं परत उगाळत नाही. सेट आजोबांचा, पाच व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या): ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८०. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुन्हा मर्फी की फिलिप्स सुरू होईल आणि ६४८ बाजूला राहील. कागदी कंडेन्सर सगळे बदललेत, ईएल ८४ च्या ग्रिडवरचा (ग्रिड म्हणजे व्हॉल्व्हमधली जाळी) तो बदनाम लीकवाला सर्वांत आधी. हम (ती घुं-घुं) गेलाय. एचटी (व्हॉल्व्हना लागणारं मोठं व्होल्टेज) २४५ ते २५०, तक्रार नाही. दुखणं उरलं होतं एकच. सेट लावला की वीस-पंचवीस मिनिटं झकास, मग डायलचं खालचं टोक मरायचं. ७०० च्या खाली शुकशुकाट, वरचं टोक ठणठणीत. रात्री दिल्ली ८१९ येतंय, अहमदाबाद ८४६ येतंय, आणि आमची इंदूरची आकाशवाणी, जिचं मालवा हाऊस घरापासून सायकलवर वीस मिनिटं, तिचा पत्ता नाही!

ऑसिलेटर, म्हणजे स्टेशन पकडायला लागणारी लहर सेटमध्येच तयार करणारा भाग, झोपतोय हे कळायला पंडित लागत नाही. गँग (स्टेशन बदलायला फिरवतो तो पत्र्यांचा कंडेन्सर) पूर्ण मिटलेला असतो तेव्हा फीडबॅक सगळ्यात कमी, म्हणून अशक्त ऑसिलेटर आधी खालच्या टोकाला मान टाकतो. पण अशक्तपणा कुठून येतोय? मागच्या रजेत ऑसिलेटर चालवणारा ईसीएच ८१ बदलला. काही नाही. त्याच्या प्लेटचा ३३ केचा (३३ हजार ओहमचा) रेझिस्टन्स काढून मोजला तर ५२ के निघाला. तेव्हा मी इथे काय फुशारक्या मारल्या होत्या ते विसरा. तो बदलल्यावर स्टेशन वीसऐवजी पंचवीस मिनिटं टिकलं, एवढीच काय ती प्रगती. बँड स्विच स्प्रे मारून साफ केला, कॉइलची टोकं परत सोल्डर केली. आणि पॅडर (डायलच्या खालच्या टोकाला ऑसिलेटर जुळवणारा मायकाचा कंडेन्सर)? पॅडरही काढून मोजला होता. ५१० पीएफ छापलेला, ५०७ भरला. 'पॅडर निर्दोष' असं मीच लिहून ठेवलंय. ते वाक्य आज गिळतोय.

आता आजचा दिवस. श्टुटगार्टहून तीन आठवड्यांची रजा काढून आलोय, त्यातले सोळा दिवस जेवायला जाण्यात संपले. लोकमान्य नगरात मावशी, रामबागेत आत्या, मग आत्याच्या विहीणबाई, कारण आत्याकडे जेवलो आणि त्यांच्याकडे नाही हे कसं चालेल. आज बाबा देवासला लग्नाला गेले. आईचा गुडघा दुखतोय म्हणून ती घरी, आणि तिच्या सोबतीला कुणीतरी हवं म्हणून मी घरी. गुडघ्याचे मनापासून आभार.

तिकडे रविवारी कायद्यानंच शांतता असते. दुकानं बंद, ड्रिल लावलं तर खालच्या आजी वर येतात. अशा रविवारी सोल्डरिंग छान होतं, पण या सेटच्या बाबतीत ती शांतता कुचकामी, कारण तिथे मीडियम वेव्हवरही शांतताच आहे. जर्मनीच्या डॉइचलांडफुंक रेडिओनं २०१५ च्या ३१ डिसेंबरला मीडियम वेव्ह बंद केली. रात्री लांबची दोन-चार स्टेशनं कुजबुजतात, दिवसा नुसती खरखर. सेट दुरुस्त झाला की नाही हे ठरवायचं कशावर? म्हणून काम इथेच, आणि ते या पाच दिवसांत. कचरागाडीचं गाणं, शेजारचा कुकर, खालचा भाजीवाला, अशी ही आमची शांत सुट्टी.

अडचण अशी की स्कोप (लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) तिकडे राहिलाय. इथे बाबांचा दीडशे रुपयांचा मीटर आहे, त्यावर ऑसिलेटर ग्रिडचं व्होल्टेज बघायला गेलं की मीटरच्या वायरीच ऑसिलेटरला झोपवतात. प्रोबच्या टोकाला १ मेगचा रेझिस्टन्स लावून पाहिला. १४०० वर उणे ८ च्या आसपास, ७०० वर उणे ४, तापल्यावर ६५० ला जवळजवळ शून्य. म्हणजे रोग माहीत होता तोच. जागा सांगेल तर मीटर कसला!

तेव्हा जुन्या इंदुरातल्या काकांना फोन लावला. (त्यांच्याविषयी आधी लिहिलंय. रेडिओचं दुकान बंद करून वीस वर्षं झाली, पण कान अजून दुकानातच आहेत.) ते म्हणाले, "अरे भाऊ, स्कोप कशाला पाहिजे? घरात ट्रान्झिस्टर आहे ना?" आणि मला कपाळावर हात मारावासा वाटला. ६४८ लावलं की आपला ऑसिलेटर ६४८ अधिक ४५५ (सेटच्या आतली ठरलेली फ्रिक्वेन्सी), म्हणजे ११०३ वर चालतो. शेजारी ट्रान्झिस्टर ठेवून ११०३ वर आणला की ऑसिलेटर त्याला स्टेशनसारखाच वाटतो, फक्त मुका. मोकळी असते तेव्हा ती जागा सूं-सूं करते, ऑसिलेटर जिवंत असला की सूं-सूं दबते. मेला की परत सूं. पैसा लागत नाही, सेटला हात लावावा लागत नाही. ज्यांच्याकडे स्कोप आहे त्यांनीही करून पाहावं, गुर्मी उतरते.

पण माझे दोन्ही हात चासीत (सेटच्या आतल्या सांगाड्यात). म्हणून आईला बसवलं. ती टेबलाच्या त्या बाजूला मटार सोलत होती, ट्रान्झिस्टर तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं, हा गप्प झाला की 'आलं' म्हण, आवाज करायला लागला की 'गेलं' म्हण.

"उलटंच आहे. गप्प असला की बरा, बोलायला लागला की बिघडला?"

"हो."

"तुझ्या बाबांसारखं," म्हणून तिनं मटार पुढे ओढले.

पंचविसाव्या मिनिटाला "गेलं". मग तासभर गेलंच. मी बांबूच्या काडीनं एकेक जोड हलवून पाहिला, स्विच दाबला, आयएफटीचे (आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे) डबे ठोकले. गेलं ते गेलं. अकराच्या सुमारास बाई फरशी पुसून गेल्या आणि आईनं फरशी वाळायला पंखा लावला, डिसेंबरात. लगेच सेटमधून भर्रर्र. तो गोल फिरवायचा रेग्युलेटर आहे आमचा, दोनवर ठेवला की सगळा मीडियम वेव्ह भाजून काढतो. माझं डोकं फिरलं. "आई, बंद कर तो" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "आलं."

मी म्हटलं, काहीतरीच काय, हा पंख्याचा आवाज आहे. ती म्हणाली, "पंख्याचा आहे तो आहेच, खाली कुणीतरी बोलतंय बघ." कान लावला. भर्रर्रच्या तळाशी बाई हवामान सांगत होत्या. ६४८!

पंखा पाचवर नेला, भर्रर्र बरीच कमी झाली (पूर्ण वेगाला त्या रेग्युलेटरची कटकट मंदावते) आणि आवाज स्वच्छ. पंखा बंद, सहा मिनिटांनी "गेलं". पंखा चालू, तीन मिनिटांनी "आलं". तीनदा केलं. हे असंच मागच्या रजेतही झालं असणार, फक्त तेव्हा खरखर ऐकली की मी आधी पंखा बंद करायचो आणि मग ६४८ शोधायचो. म्हणजे औषध बंद करून रोग्याला विचारायचं, बरं वाटतंय का.

आता पंखा चासीच्या कोणत्या पार्टला गार करतोय? तिकडे यासाठी गार फवाऱ्याचा डबा मिळतो. स्पिरिटचा कापूस लावावा असा एक विचार आला आणि २५० व्होल्टांकडे बघून लगेच गेला. तुम्हीही तो मनात आणू नका. मग स्वयंपाकघरातून सरबताची नळी आणली. चासी उभी, माझा एक हात पाठीमागे, तोंडात नळी, आणि एकेका पार्टवर फुंकर. ईसीएच ८१ वर फुंकलं, काही नाही. ३३ केवर, काही नाही. ग्रिडच्या ४७ केवर, ग्रिडच्या कंडेन्सरवर, कॉइलवर, नाही, नाही, नाही. स्विचवर तर चक्कर येईपर्यंत फुंकलं, कारण माझा सगळा संशय स्विचवर होता. शेवटी कोपऱ्यातल्या त्या चपट्या तपकिरी मायकावर, 'निर्दोष' पॅडरवर, एक लांब फुंकर घातली.

"आलं."

फुंकर थांबवली. मनात वीसपर्यंत मोजलं. "गेलं." परत फुंकर. "आलं." आई म्हणाली, आता पुरे, तुला भोवळ येईल.

काढला. टेस्टरवर गार असताना ५०७, गेल्या वर्षी होता तस्सा. आईचा हेअर ड्रायर धरला: ५०७, ५०४, मग ४६०, मग आकडे नाचायला लागले, १८० काय, ३९० काय. दोन्ही टोकांना मायकाची चळत दाबून धरणारे रिव्हेट असतात, त्यातला एक बोटानं फिरला. तापला की पकड सैल, पकड सैल की रोध वाढणार, कॉइलची सगळी ताकद तिथेच जिरणार. वरच्या टोकाला तेवढा तोटा खपून जात होता, खाली नाही. निदान बरोबर आहे ना ते जाणकारांनी सांगावं, मला तरी दुसरं काही सुचत नाही. धडा एवढाच घेतलाय की मायका गार मोजला म्हणजे मोजलाच नाही.

बदली कंडेन्सरसाठी दुपारी महाराणी रोडवर गेलो. तीन दुकानांत मान हलली. चौथ्यानं गोल तपकिरी सिरॅमिक पुढे केला, "भिया, यही चलता है, सब यही ले जाते हैं." ले जाते असतील. ऑसिलेटरमध्ये तो लावला की सेट तापेल तसं स्टेशन सरकत जाणार, मग मूळ रोग परवडला. तिथे मायका हवा, एनपीओ (तापलं तरी न बदलणारा सिरॅमिक) हवा, नाहीतर स्टायरोफ्लेक्स (प्लास्टिकच्या पातळ पडद्याचा). तिकडून ऑनलाइन मागवता येतो, कंडेन्सर एक युरो आणि टपाल सहा, आणि पोचेपर्यंत माझी रजा संपलेली. रिकाम्या हातानं आलो असं मात्र नाही, पंख्यासाठी कंडेन्सरवाला स्टेपचा रेग्युलेटर घेतला. बसवलाय. आता दोनवरसुद्धा भर्रर्र नाही. तुमच्या घरात तो गोल फिरवायचा असेल तर सेटला हात लावायच्या आधी तो बदला, निम्म्या तक्रारी तिथेच संपतील.

घरी येऊन माळ्यावर चढलो. तिथे मामाचा मेलेला दोन बँडचा ट्रान्झिस्टर होता, आजोबांच्या लायसन्सच्या पुस्तकांशेजारी. (पोस्टात पैसे भरून रेडिओचं लायसन्स काढायचे, ती पुस्तकं. आजोबांनी प्रत्येक पान जपलंय.) ट्रान्झिस्टरच्या पोटात पारदर्शक स्टायरोफ्लेक्स चमकत होते: एक ३३०, एक १८०. बेरीज करून बघा. पॅरलल जोडले, टेस्टरवर ५११, ड्रायरखाली ५१० च्या खाली गेलेच नाहीत. त्यांना सोल्डरिंगची आच सोसत नाही, पाय चिमट्यात धरूनच लावले.

मग ट्रॅकिंग, म्हणजे डायलचा काटा आणि स्टेशन जुळवणं. ६०० ला कॉइलचा गाभा, १४०० ला ट्रिमर (छोटा फिरता कंडेन्सर), परत ६००, परत १४००, चार फेऱ्या. सिग्नल जनरेटर नव्हता, स्टेशनांवरच केलं, तरी काटा ६४८ च्या रेघेवर बसला. ग्रिडचं व्होल्टेज आता ६५० ला उणे ६ आणि तिथून हलत नाही. अंधार पडल्यावर डायल आणखी खाली नेला आणि ५८५ वर नागपूर! चारेकशे किलोमीटरवरून मराठी बातम्या. हे स्टेशन मी या सेटवर लहानपणापासून कधी ऐकलंच नव्हतं. आईनं गराडू (इंदुरी कंद) तळले होते, जिरावण (इंदुरी मसाला) भुरभुरून तिथेच टेबलावर खाल्ले, पॅडरच्या शेजारी.

बेत होता की चासी या खेपेला हातातल्या बॅगेत घालून न्यायची आणि उरलेलं काम तिकडे करायचं. हे लिहिता लिहिता तो रद्द करतोय. तिकडे नेऊन हा ऐकणार काय? त्यापेक्षा तिथलाच एखादा सेट घ्यावा. युरोपात फ्रिक्वेन्सी वाटून देणाऱ्या १९४८ च्या कोपनहेगन योजनेत जर्मनांच्या वाट्याला मीडियम वेव्ह फार थोडी आली, म्हणून त्यांनी १९४९ पासूनच एफएम धरलं, आणि त्यांच्या पन्नाशीतल्या व्हॉल्व्ह सेटांवर एफएम आहे. जुन्या बाजारात पडून असतात बिचारे, आणि लावले की आजही बोलतात. इथला इथल्या हवेवर, तिथला तिथल्या. कुणी साबा किंवा ग्रुंडिग कंपनीचा जर्मन सेट उघडलाय का? त्यांच्या चासीत पार्टांची दाटी फार असते असं ऐकून आहे. फुंकर मारायला तरी जागा आहे का, ते सांगा.

खराब पॅडर मात्र नेतोय, कापून आत बघायचंय.

आत्ता बाबा आले देवासहून. टोपी न काढताच विचारलं, "चालू झाला?" आणि उत्तराची वाट न बघता बटण फिरवलं. स्टेशन बदललं, काटा ६४८ वरच. डायलची दोरी सटकली.